बंजारा व गोंड : दोन शेजारी समाज

शहरात राहणाऱ्या सुशिक्षित माणसाच्या मनात ‘मागासलेले लोक’ या शब्दांबरोबर बहुधा एकच चित्र उभे राहते. डोंगराच्या कडेला शाकारलेल्या चार झोपड्या, अंगावर अपरिचित दागिने, कानाला न कळणारी बोली आणि अठराविश्वे दारिद्र्य! हे चित्र लमाणाचे म्हणून दाखविले काय किंवा गोंडाचे म्हणून दाखविले काय, पाहणाऱ्याच्या दृष्टीने त्यात काहीच भेद पडत नाही. परंतु नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस किनवट व माहूर या तालुक्यांत हे दोन्ही समाज एकमेकांच्या शेजारी राहतात, एकाच आठवडे बाजारात मीठमिरची घेतात, एकाच पावसाची वाट पाहतात. आणि तरीही त्यांच्या गरिबीची कुळकथा एक नाही. ज्या गरिबीचे कारण वेगळे, तिचा उपायही वेगळाच असावयास हवा. या साध्या गोष्टीचा विसर पडला म्हणजे काय होते, हे गेल्या काही वर्षांत या प्रदेशाने अनुभवले आहे.

प्रथम प्रदेशाची ओळख करून घेणे अवश्य आहे. नांदेड जिल्हा व आजचा लातूर जिल्हा हे दोन्ही भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे; त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. किनवट तालुका तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. भाषावार प्रांतरचनेत तो नांदेडास जोडला गेला आणि जंगलात राहणाऱ्या गोंडांच्या मधून एक राज्यसीमा गेली. नांदेडच्या पूर्वेस आज तेलंगण आहे व लातूरच्या पूर्व अंगास कर्नाटकाचा बिदर जिल्हा. १९५६ साली आखलेल्या या सीमा पुढील विवेचनात वारंवार येणार आहेत. म्हणून श्रोत्यांनी त्या ध्यानात ठेवाव्या.

आता बंजाऱ्यांचा पूर्वेतिहास. लमाण, लंबाडा, लभाण या नावांनी ओळखला जाणारा हा समाज मूळचा वाहतुकीचा धंदा करणारा. बैलांच्या पाठीवर धान्याच्या व मिठाच्या गोणी लादून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माल नेणे, ही त्यांची ‘लदेणी’. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने दहा दहा, बारा बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. मोगलांच्या दक्षिणेतील फौजांना दाणागोटा पुरविणारे हेच लोक. आणि १८०३ साली वेलस्लीच्या सैन्याची रसद वाहणारेही हेच. दोन्ही बाजूंच्या सेनापतींना त्यांची गरज असे. तांड्यास स्वतःचा नाईक होता, कारभारी होता, न्यायनिवाड्याची पद्धती होती. तात्पर्य, बंजारा हा जगापासून दूर राहिलेला मनुष्य नव्हता. देशाच्या व्यापाराच्या नाड्या काही अंशी त्याच्याच हातात होत्या.

या वैभवास उतरती कळा लागली ती पक्क्या सडकांनी व आगगाडीने. गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडकडून सिकंदराबादेस जाणारी लोहमार्गाची वाट विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नांदेडास पोहोचली. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली लातुरास आली. लातूरची बाजारपेठ या गाडीमुळे भरभराटीस आली हे खरे; पण जो माल पूर्वी शेकडो बैलांच्या पाठीवरून जात असे तो आता डब्यांतून जाऊ लागला आणि बैलांचा धनी रिकामा झाला. पोटासाठी फिरणाऱ्या या रिकाम्या माणसाकडे सरकारने संशयाने पाहिले. १८७१ साली ब्रिटिश सरकारने जन्माने गुन्हेगार ठरविणारा कायदा केला, व पुढे ज्या अनेक जमातींना तो लावण्यात आला त्यांत बंजाऱ्यांच्या काही शाखाही होत्या. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्या दिवसापासून ‘गुन्हेगार’ हा शब्द जाऊन त्या जागी ‘विमुक्त’ हा शब्द आला. शब्द बदलला, पण पोलीसपाटलाच्या वहीतील व गावकऱ्यांच्या मनातील नोंद इतक्या सहजासहजी पुसली गेली नाही.

गोंडांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. बंजारा चालत होता, गोंड एका जागी होता. चांद्याचे गोंड राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. परंतु राज्य गेले तरी रान राहिले होते. त्या रानात गोंड, त्यांचे भाट म्हणविणारे परधान, आणि कोलाम असे निरनिराळे समाज आपापल्या मर्यादेत नांदत होते. गावाचा पटला म्हणजे मुखिया, आणि देवाची पूजा करणारा देवारी. जमीन ही कोणाच्या नावावर असावयाची वस्तू आहे ही कल्पनाच त्यांना नवी होती. चार वर्षे एका जागी ज्वारी करावी, मग ती जमीन रानास परत करावी व दुसरीकडे नांगर धरावा, असा त्यांचा क्रम.

विसाव्या शतकाच्या आरंभी निजाम सरकारच्या जंगल खात्याने रानाच्या सीमा आखल्या आणि राखीव जंगलात गोंड स्वतःच्याच भूमीवर अतिक्रमण करणारा ठरला. मोकळ्या झालेल्या जमिनीचे पट्टे ज्यांना कचेरी ठाऊक होती, उर्दू कागद वाचता येत होता, अशा बाहेरच्या लोकांनी आपल्या नावावर करून घेतले. या अन्यायाविरुद्ध उठलेले कोमाराम भीम १९४० साली आदिलाबाद जिल्ह्यातील जोडेघाटाच्या डोंगरात मारले गेले. त्यानंतर सरकारची झोप मोडली. हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञास गोंडांची स्थिती पाहण्याचे काम देण्यात आले. त्यांच्या प्रयत्नाने गोंडांना पट्टे मिळू लागले, आणि १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. तेथे गोंडी बोलीची क्रमिक पुस्तके नागरी लिपीत तयार करण्यात आली होती, ही गोष्ट आजच्या शिक्षणशास्त्रज्ञांनीही मनन करण्यासारखी आहे.

येणेप्रमाणे एका समाजाची वाट गेली व दुसऱ्याचे वन गेले. आजच्या स्थितीची तुलना करताना हा भेद डोळ्यांआड करून चालणार नाही.

प्रथम जमिनीचा प्रश्न घेऊ. बंजारा स्थिर झाला तेव्हा नदीकाठची काळी जमीन आधीच दुसऱ्यांच्या नावावर लागलेली होती. म्हणून बालाघाटच्या रांगेत, मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर या बाजूंस, त्याचे तांडे बहुधा माळावर अगर डोंगरउतारावर वसलेले दिसतात. जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. २०१६ साली लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या जिल्ह्याच्या शहराची ही दशा, तेथील माळावरच्या तांड्याची काय कथा! शिवाय पुष्कळसे तांडे महसुली दृष्ट्या गाव नव्हेत. ते दुसऱ्या गावाची वस्ती म्हणून मोजले जातात. त्यामुळे रस्ता, नळ, शाळा यांसाठी तांड्यास मूळ गावाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते. या अडचणीसाठीच राज्य सरकारने वसंतराव नाईकांच्या नावाने तांडा-वस्ती सुधारण्याची योजना चालविली आहे.

गोंडाजवळ बंजाऱ्यापेक्षा एक गोष्ट अधिक आहे, ती म्हणजे कायद्याचे कुंपण. महाराष्ट्र सरकारने १९७४-७५ साली केलेल्या कायद्यांनी आदिवासीची जमीन बिगर आदिवासीस विनापरवाना विकत घेता येत नाही व गैरमार्गाने गेलेली जमीन परत मिळविता येते. किनवटकडील गावे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात आहेत. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरीही किनवटास आहे. लातूर जिल्ह्यात असे क्षेत्र मुळीच नाही. पण कुंपण आतल्याचे रक्षण करते तसे त्यास अडवितेही. जी जमीन परक्यास विकता येत नाही, तिच्या तारणावर कर्ज देण्यास सावकार व पेढी दोघेही नाखूष असतात. बी-बियाण्यासाठी मग हंगामाच्या आरंभी व्यापाऱ्याकडे जावे लागते आणि कापूस घरात येण्यापूर्वीच त्याचा भाव ठरून गेलेला असतो.

दुसरा प्रश्न मजुरीचा. दिवाळीच्या सुमारास कंधार-मुखेडकडील व जळकोट-अहमदपूरकडील कित्येक तांडे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी नवराबायको ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात अगर कर्नाटकात निघतात. या धंद्यात नवराबायकोच्या जोडीस मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. म्हणजे माणसे दोन. पण हिशेबात एक हत्यार! उचल बहुधा पुरुषाच्या नावावर पडते, मोळ्या बायकोच्या डोक्यावर चढतात, आणि तिच्या श्रमाची मजुरी स्वतंत्रपणे कोठेच लिहिली जात नाही. पाच-सहा महिने कोपीत राहून हे कुटुंब परत येते तेव्हा पुष्कळदा उचलीचा काही भाग अंगावर बाकीच असतो. पुन्हा पुढील वर्षी तोच मुकादम व तोच फड.

गोंडाचा ओढा अद्याप गावाकडे व रानाकडे आहे. उन्हाळ्यात मोहाची फुले, तेंदूची पाने, चारोळी, डिंक. पावसाळ्यात ज्वारी-कापसाची कोरडवाहू शेती. उरलेल्या दिवसांत मजुरी. त्याचे स्थलांतर कमी म्हणून त्याचे हाल कमी, असे मात्र समजू नये. रानातील वस्तूंचा भाव तो ठरवीत नाही. शहरातील घरात डिंकाचे लाडू होतात, बासुंदीवर चारोळी पडते आणि चहात साखर पडते. यांपैकी पहिल्या दोन वस्तूंमागे बऱ्याच अंशी आदिवासीचा हात असतो व तिसरीमागे ऊसतोड्याचा. दोघेही त्या घरास सारखेच अदृश्य असतात.

तिसरा प्रश्न शिक्षणाचा व भाषेचा. बंजाऱ्यांची गोरबोली राजस्थानी बोलींच्या नात्यातील आहे, तर गोंडी ही द्राविडी कुळातील. २०११ च्या जनगणनेत लंबाडी बोलणारे सुमारे ३२ लाख ७७ हजार व गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार लोक देशात नोंदले गेले. दोन्ही भाषा लाखोंच्या; परंतु राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत दोहोंपैकी एकीलाही स्थान नाही. तथापि शाळेत पहिल्या दिवशी बसलेल्या दोन मुलांची स्थिती सारखी नसते. तांड्यातील मुलास मराठी निदान नात्यातली वाटते. गोंडी मुलास ती सर्वस्वी परकी. हे अंतर पार करण्यातच त्याची पहिली दोन वर्षे जातात. उलटपक्षी, तांड्यातील मूल मराठी लवकर शिकते, पण दिवाळीनंतर ते शाळेत असेलच असे नाही. आईबापांबरोबर ते उसाच्या फडावर गेलेले असते. एकाची शाळा भाषेने अडविली, दुसऱ्याची हंगामाने.

सार्वजनिक जीवनात बंजारा समाज गोंडांच्या पुढे गेला, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. पुढे सुधाकरराव नाईकांनीही ते पद भूषविले. आश्रमशाळांतून शिकलेली एक पिढी शिक्षक झाली, पोलिसात गेली, कचेऱ्यांत बसली. अनेक मुलुखांत व्यापार केलेल्या समाजास बाजार व सरकार यांची भाषा लवकर उमगली असल्यास नवल नाही. गोंडांच्या वाट्यास विधिमंडळातील राखीव जागा आल्या, ज्या विमुक्तांना नाहीत. पण त्या जागांवरून आपले गाऱ्हाणे मांडण्यास लागणारे शिक्षण मात्र त्यांना उशिरा मिळाले. तथापि काही तांड्यांतून मोटारी निघाल्या म्हणून सर्व तांडे सुखी झाले, असे मानणे म्हणजे गावच्या एका वाड्यावरून साऱ्या गावाची श्रीमंती ठरविण्यासारखे आहे.

येथे आता त्या सीमारेषांकडे वळावयाचे. महाराष्ट्रात बंजारा हा विमुक्त जातींत गणला जातो. त्या वर्गास राज्याच्या नोकऱ्यांत ३ टक्के जागा आहेत, आणि केंद्राच्या नोकऱ्यांत त्यास इतर मागासवर्गीयांच्या मोठ्या रांगेत उभे राहावे लागते. नांदेडची सीमा ओलांडून तेलंगणात गेले की तोच लंबाडा अनुसूचित जमातीचा होतो. १९७६ च्या कायद्याने, १९७७ पासून. लातूरची सीमा ओलांडून बिदरकडे गेले की तोच अनुसूचित जातीचा होतो. देव एक, बोली एक, सोयरीक एक. पण सरकारी दप्तरात नावे तीन. गोंडाचे तसे नाही. तो सीमेच्या दोन्ही अंगांस अनुसूचित जमातीचाच आहे.

हा भेद केवळ नोकरीपुरता नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आपण वनजमीन कसतो असे दाखविले म्हणजे त्याचा दावा उभा राहतो. इतर पारंपरिक वननिवाशांनी मात्र त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पाऊणशे वर्षे, आपले वास्तव्य होते असे सिद्ध करावयाचे असते. किनवटच्या जंगलाकाठचा बंजारा या दुसऱ्या वर्गात पडतो. पलीकडे राहणारा त्याचा मेहुणा पहिल्या वर्गात. ज्या समाजाच्या पूर्वजांचे आयुष्य चालण्यात गेले, त्याने एका जागी पाऊणशे वर्षे राहिल्याचा कागद कोठून आणावा? बंजाऱ्याच्या मनातील सल येथे आहे व तो खोटा नाही.

परंतु सीमेपलीकडील अनुभवाची दुसरीही बाजू आहे. १९७७ नंतर महाराष्ट्रातून पुष्कळ बंजारे आदिलाबादेत गेले आणि गोंडांच्या जमिनींवर त्यांचा दाब पडू लागला, हे हायमेनडॉर्फ यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. एकाच यादीत आल्यावर शिक्षणात पुढे असलेल्यांनी नोकऱ्याही अधिक घेतल्या, अशी गोंडांची तक्रार राहिली; आणि २०१७ च्या अखेरीस आदिलाबादेत दोन्ही समाज एकमेकांसमोर उभे ठाकले. तेथे ज्यांची नावे एका यादीत लिहिली गेली, त्यांची मने मात्र दुभंगली.

तोच वाद आता सीमेच्या अलीकडे आला आहे. २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केला. त्याच गॅझेटियरचा दाखला देऊन बंजारा समाजाने अनुसूचित जमातीत समावेशाची आपली जुनी मागणी नव्या जोराने पुढे आणली. आणि आदिवासी संघटनांनी तिच्याविरुद्ध मोर्चे काढले. ही यादी बदलण्याचा अधिकार राज्यास नाही. घटनेच्या ३४२ व्या कलमाप्रमाणे तो संसदेचा आहे. जमात कोणास म्हणावे यासाठी लोकूर समितीने १९६५ साली आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, दुर्गम वस्ती, परक्यांशी मिसळण्यातील बुजरेपणा व मागासलेपणा अशा पाच खुणा सांगितल्या होत्या. गोंड-कोलामांना त्या पुष्कळशा लागू पडतात. बंजाऱ्यास वेगळी संस्कृती व मागासलेपणा लागू पडतो. पण देशभर व्यापार केलेल्यास बुजरा व दुर्गम कसे म्हणावे? उलट, बुजरेपणा हे गरिबीचे माप असू शकते काय, हाही प्रश्न विचारण्याजोगाच आहे.

या वादात सर्वांत मोठी उणीव आहे ती मोजणीची. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नांदेड जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे लोक सुमारे ८ टक्के व लातुरात दोहोंहून थोडे अधिक. बंजाऱ्यांचा असा आकडा देता येत नाही, कारण महाराष्ट्रात त्यांची जनगणनेत वेगळी गणनाच झाली नाही. विमुक्त व भटक्यांसाठी नेमलेल्या रेणके आयोगाने २००८ साली अहवाल दिला; २०१५ साली इदाते आयोग नेमला गेला. तरीही किती तांडे, किती भूमिहीन, किती मुले शाळेबाहेर, याची खात्रीलायक गणती नाही. येत्या जनगणनेत जातवार मोजणी करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केला आहे. ती नीट झाली तर पुढील चर्चा आवाजाच्या मोठेपणावर न होता आकड्यांवर होऊ शकेल.

तोवर दोन गोष्टी निःशंकपणे सांगता येतात. तांड्यास मुख्यतः हवे आहे ते महसुली गावाचे स्थान, माळाच्या जमिनीस पाणी, उचलीच्या व्यवहारावर कायद्याची नजर, आणि आईबाप फडावर गेले असता मुलांस गावातच ठेवून शिकविणारी वसतिगृहे. गोंडांच्या वस्तीस हवे आहे ते वनहक्काच्या दाव्यांचा वेळेवर निकाल, कुंपणाच्या आत राहूनही मिळणारे सरकारी कर्ज, रानमालास वाजवी भाव, आणि पहिल्या दोन इयत्तांत गोंडी जाणणारा शिक्षक. या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर एक गोष्ट स्पष्ट होते : पहिल्या यादीतील बहुतेक मागण्या अनुसूचित जमातीत नाव न जाताही पुऱ्या होऊ शकतात, आणि दुसरीतील मागण्या नाव यादीत असूनही पुऱ्या झालेल्या नाहीत. सात टक्क्यांच्या एका भाकरीवरून दोन भुकेल्या शेजाऱ्यांनी हातघाईवर यावे आणि बाकीच्या समाजाने तटस्थपणे ते पाहावे, हे कोणासही शोभणारे नाही. राखीव जागांचा निर्णय संसद व न्यायालये यथाकाल करतीलच. पण तांड्यातील नळ व गोंडी मुलाचा शिक्षक यांसाठी त्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.